दात शिवशिवणं: लेझर मारावा की लेप लावावा?

दंतकथा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

हिरडी खाली सरकलीये, दाताची मान उघडी पडलीये, गार पाणी किंवा नुसता वारा लागला की सणक जाते, कीड मात्र नाही. अशा दातांसाठी माझ्या दवाखान्यात सध्या हाताशी दोन लेप आहेत: ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश आणि ग्लुटाराल्डिहाइड-हेमाचा द्राव. आता हिरड्यांच्या कामासाठी ९८० नॅनोमीटरचा डायोड लेझर घ्यायचा आहे आणि त्याच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी एका बैठकीत बंद’ असं ठळक छापलंय. म्हणून विचारतो:

१. लेझर डेंटिनच्या (इनॅमलखालच्या थराच्या) नळ्या बुजवतो की नस गप्प करतो? वाचायला बसलं की दोन्ही सापडतं.
२. सेटिंग किती? एका ठिकाणी ४० मिलिवॅट, दुसरीकडे १ वॅट. हा पंचवीसपट फरक कुठून आला?
३. एकच हट्टी दात असेल तर सुरुवात कशाने, आणि सात-आठ दात असतील तर कशाने?
४. व्हार्निश आणि लेझर दोन्ही वापरायचे तर आधी कोण?

‘पेशंट खूश असतात’ याच्या पलीकडचं काही मिळालं तर बरं.

अक्कलदाढ

या चारांच्या आधीचा पाचवा प्रश्न राहिला: तो दात खरंच याच दुखण्याचा आहे का? डेंटिनच्या सेन्सिटिव्हिटीची व्याख्या तीन तुकड्यांची आहे. कळ छोटी आणि तीव्र हवी. ती उघड्या डेंटिनला गार, वारा, स्पर्श किंवा गोड-आंबट लागल्यावर उठायला हवी. आणि दुसऱ्या कुठल्याही दोषाने तिचा उलगडा होता कामा नये. हा तिसरा तुकडा घाईत गाळला जातो, आणि मग लेझरलाही अपयश येतं, लेपालाही.

चावून *सोडताना* कळ येत असेल तर तडा शोधा. चावण्याची प्लास्टिकची ठोकळी दाढेच्या एकेका टोकावर ठेवून तपासा, सगळ्या दाढेवर एकदम चावायला लावून काही कळत नाही. गार काढून घेतल्यावरही कळ अर्धा मिनिट रेंगाळते, गरमाने वाढते, रात्री आपोआप ठणका लागतो, असं असेल तर पल्प (दाताच्या आतला नसांचा गाभा) सुजलाय. त्यावर व्हार्निश लावणं म्हणजे फक्त रूट कॅनल लांबणीवर टाकणं. जुन्या फिलिंगची कड उघडी आहे का, नवं फिलिंग उंच राहिलंय का, नुकतंच ब्लीचिंग झालंय का, हेही विचारा. स्केलिंगनंतरची शिवशिव पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असते आणि पुढच्या काही आठवड्यांत आपसूक उतरते. त्या काळात काहीही लावा, त्याला यश येतंच!

आता यंत्रणा, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. १९६०च्या दशकात ब्रॅनस्ट्रॉम यांनी पक्का केलेला द्रवगतीचा सिद्धांत आजही मानला जातो. डेंटिनच्या नळ्यांत द्रव असतो. गार लागलं, वारा लागला, साखरेचा दाट द्राव लागला की तो बाहेरच्या दिशेने सरकतो आणि पल्पच्या कडेला असलेल्या ए-डेल्टा तंतूंना (तीव्र कळ नेणाऱ्या नसांना) ताण बसतो. गरमाने तो आत सरकतो, पण आतल्या दिशेच्या हालचालीने कळ कमी उठते. म्हणून या दुखण्यात गार जास्त झोंबतं.

या सूक्ष्म नळ्या पल्पजवळ दर चौरस मिलिमीटरला ४५ ते ६५ हजार असतात, बाहेरच्या कडेला १५ ते २० हजार. पण सगळ्या उघड्या नसतात. १९८७च्या सूक्ष्मदर्शकी अभ्यासात शिवशिवणाऱ्या दातांत उघड्या नळ्या सुमारे आठपट आणि त्यांची रुंदी सुमारे दुप्पट दिसली होती. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे रुंदी दुप्पट झाली की प्रवाह सोळापट. वर नळ्या आठपट. हाच हिशोब उलटा लावा: नळी ठार बुजली नाही, नुसती निम्मी अरुंद झाली तरी प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून शिवशिवीसाठीची साधी टूथपेस्टसुद्धा काम करते, आणि म्हणूनच थोडा थर विरघळला की दुखणं पुन्हा जागं होतं.

उपचाराच्या आधी मोजमाप करून ठेवा. आधी प्रोब (दात तपासायची टोकदार सळई) दाताच्या मानेवरून हलका आडवा फिरवायचा. मग पाचेक मिनिटं थांबून वारा: शेजारचे दात बोटांनी झाकून, सिरिंज १ सेंटिमीटरवर काटकोनात धरून, १ सेकंद फवारा. नोंद ० ते १० च्या वेदनापट्टीवर, किंवा ० ते ३ च्या शिफ मापकावर. शिफमध्ये ० म्हणजे प्रतिसादच नाही, १ म्हणजे जाणवतं पण थांबवा म्हणत नाही, २ म्हणजे थांबवा म्हणतो किंवा तोंड बाजूला घेतो, ३ म्हणजे तेच, वर दुखतंय हेही सांगतो. स्पर्श आधी आणि वारा नंतर, हा क्रम उलटा केलात तर वाऱ्याने चिडलेला दात प्रोबलाही ओरडतो.

तरंगलांबी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. ४० मिलिवॅट आणि १ वॅट ही एकाच उपचाराची दोन सेटिंग नाहीत. हे दोन वेगळे उपचार आहेत, नाव तेवढं एक.

कमी शक्तीचा लेझर, म्हणजे ६३२.८ नॅनोमीटरचा हेलियम-निऑन किंवा ७८० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले डायोड, साधारण ३० ते १०० मिलिवॅट. यात डेंटिनचं तापमान म्हणावं असं वाढत नाही आणि नळीचं तोंडही बुजत नाही. काम दोन पातळ्यांवर होतं असं मांडलं जातं: तंतूंमधून जाणारा संदेश मंदावतो, आणि ओडोंटोब्लास्ट (डेंटिन तयार करणाऱ्या) पेशी चेतवल्या जाऊन आतल्या बाजूने नवं डेंटिन बसतं. पहिला परिणाम लगेच, दुसरा काही आठवड्यांनी.

जास्त शक्तीचा लेझर, म्हणजे १०६४ नॅनोमीटरचा एनडी-यॅग, २९४० चा एर्बियम-यॅग, २७८० चा एर्बियम-क्रोमियम, १०६०० चा कार्बन डायऑक्साइड आणि जोरावर चालवलेला ८१० ते ९८० चा डायोड. इथे उष्णतेने काम होतं. एनडी-यॅगने पृष्ठभागाचं डेंटिन वितळून पुन्हा घट्ट होतं. ३० मिलिज्यूल, सेकंदाला १० स्पंद, असं २ मिनिटं मारल्यावर प्रयोगशाळेत बुजलेला थर मोजला गेला तो जेमतेम ४ मायक्रोमीटर. एर्बियम पाण्यात जबरदस्त शोषला जातो, म्हणून तो नळीतलं पाणी उडवून क्षार तोंडाशी साचवतो. त्याची ऊर्जा डेंटिन कापण्याच्या मर्यादेखाली ठेवावी लागते, ८० मिलिज्यूल आणि ३ हर्ट्झ अशासारखी. नाहीतर स्मिअर थर (नळ्यांच्या तोंडावरचा बारीक भुग्याचा पापुद्रा) उडून नळ्या उलट जास्त उघड्या पडतात.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘दोन्ही’, पण एकाच यंत्रात एकाच सेटिंगला दोन्ही मिळत नाही. या दुखण्यावर लेझर पहिल्यांदा १९८५मध्ये वापरला गेला तो एनडी-यॅग होता. त्या जातीच्या लेझरचे निकाल डायोडच्या माहितीपत्रकात चिकटवलेले दिसले तर सावध व्हा.

आता डोस. ‘४ ज्यूल दिले’ या वाक्याला एकट्याने अर्थ नाही. १०० मिलिवॅट गुणिले ४० सेकंद, झाले ४ ज्यूल. हेच ४ ज्यूल ६ मिलिमीटर व्यासाच्या टिपेतून गेले तर क्षेत्रफळ ०.२८ चौरस सेंटिमीटर आणि घनता १४ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. २ मिलिमीटरच्या टिपेतून गेले तर क्षेत्रफळ ०.०३१ आणि घनता १२७ च्या पुढे. नऊपट फरक! टीप दातापासून उचलली की किरण पसरतो आणि घनता पुन्हा घसरते. एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला नाही, यामागे पुष्कळदा हेच गणित असतं. कमी शक्तीच्या पद्धतीत मानेवर तीन बिंदू (जवळची कड, मध्य, लांबची कड) आणि हवा असल्यास मुळाच्या टोकाजवळ एक, टीप टेकवून आणि स्थिर. बैठका तीन-चार, दोनांत किमान ४८ ते ७२ तास.

तुमच्या ९८० बद्दल आधी एक तपासा: यंत्राचं किमान आउटपुट किती? कापण्यासाठी बनवलेले काही डायोड कमी शक्तीच्या पट्ट्यात उतरतच नाहीत. आणि ३०० ते ४०० मायक्रोमीटरच्या बारीक फायबरमधून अगदी १०० मिलिवॅटसुद्धा एका ठिपक्यावर खूप घन पडतात. रुंद टिपेचा, किरण पसरवणारा हँडपीस मिळत असेल तरच कमी शक्तीचा उपचार त्या यंत्रावर करण्यात अर्थ आहे.

जास्त शक्तीने करायचं असेल तर:

– टीप कोरी हवी. हिरडी कापताना टिपेवर मुद्दाम काजळी चढवतात. ती टीप दातावर आणली तर प्रकाश जात नाही, तापलेलं टोक जातं.
– ०.५ वॅटपासून सुरुवात, टीप १ ते २ मिलिमीटर लांब, हात सतत फिरता. १० सेकंद, मग थांबा. दोन-तीन फेऱ्या, मधल्या विश्रांतीत दात थंड होऊ द्या.
– भूल देऊ नका. ‘गरम लागतंय’ हा एकमेव इशारा तुमच्याकडे आहे, तोही घालवाल. शिवाय लगेच वाऱ्याची चाचणी घेता येणार नाही.
– मान जिथे खोल झिजलीये आणि पल्प जवळ आहे, तिथे करूच नका.

शेवटच्या मुद्द्याचं कारण: डायोड आणि एनडी-यॅग पाण्यात आणि हायड्रॉक्सिअॅपेटाइटमध्ये (दाताच्या खनिजात) फारसे शोषले जात नाहीत, डेंटिन ओलांडून पल्पपर्यंत जातात. एनडी-यॅगमध्ये म्हणूनच पृष्ठभागावर काळी शाई लावण्याची पद्धत आहे, ऊर्जा वरच अडावी म्हणून. १९६५मध्ये झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर दाखवलं होतं की पल्पचं तापमान ५.५ अंश सेल्सिअसने वाढलं तर १५ टक्के पल्प मरतात, ११ अंशांनी वाढलं तर ६० टक्के. कळ थांबली, पेशंट खूश, आणि सहा महिन्यांनी दात काळवंडलेला, हाही ‘सेन्सिटिव्हिटी बंद’चाच प्रकार.

बोळा_आणि_चिमटा

वर लेझरचं इतकं बारीक झालंय, तर लेपाची बाजूही तशीच व्हायला हवी. ग्लुटाराल्डिहाइड-हेमा फसतो तो औषधामुळे क्वचित, लावण्याच्या हातामुळे जास्त.

यात साधारण ५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड आणि ३५ टक्के हेमा असतं, बाकी पाणी. ग्लुटाराल्डिहाइड नळीतल्या द्रवातली प्रथिनं गोठवतं, हेमा त्या जाळ्यात बसतं आणि नळीच्या आत आडवे पडदे तयार होतात, तेही पृष्ठभागापासून २०० मायक्रोमीटरपर्यंत खोल. एनडी-यॅगच्या ४ मायक्रोमीटरच्या थराशी तुलना करा. ब्रशने किंवा आम्लाने वरचा पापुद्रा गेला तरी आतला पडदा राहतो, हा याचा खरा फायदा. आणि गोठायला प्रथिनं लागतात, म्हणजे नळीत द्रव हवा. नेमकी इथेच चूक होते: दात जोराच्या हवेने खडखडीत वाळवतात. पेशंट किंचाळतो ते वेगळंच, पण औषधाला धरायलाही काही उरत नाही.

क्रम असा. फ्लोराइड आणि तेल नसलेल्या प्युमिसने मान साफ करा, धुवा. रबर डॅम बसत असेल तर उत्तम, नाहीतर कॉटन रोल आणि हिरडीच्या कडेवर प्रकाशाने घट्ट होणारा बॅरिअर. व्हॅसलीन लावत असाल तर ते डेंटिनवर सरकू देऊ नका, त्याखाली औषध पोचत नाही. दात कापसाच्या बोळ्याने टिपून घ्या. मायक्रोब्रशवर एकच थेंब, वाटीच्या कडेला निपटून घेतलेला. हलकं चोळून ३० ते ६० सेकंद तसंच राहू द्या. मग मंद हवा, ओली चकाकी जाईपर्यंत. मग सक्शन चालू ठेवून भरपूर पाण्याने धुवा. वारा मारून बघा, कळ उरली असेल तर त्याच बैठकीत दुसरा हात.

हिरडीला लागलं तर पांढरा चट्टा पडतो. घाबरायचं कारण नाही, धुवायचं, काही दिवसांत कातडी नवी येते, पण ते पेशंटला आधी सांगितलेलं बरं. हेमा हातमोज्यातून काही मिनिटांत आरपार जातं आणि त्याची अॅलर्जी एकदा जडली की जन्माची. मोज्यावर थेंब पडला की मोजा बदला. डोळ्याला चष्मा पेशंटलाही.

व्हार्निश यापेक्षा कितीतरी सोपं. ५ टक्के म्हणजे २२,६०० पीपीएम फ्लोराइड. सगळ्या तोंडाला अर्धा मिलिलिटर पुरतं, पातळ थर द्यायचा, लाळेने ते घट्ट होतं, कोरडं ठण्ण करायची गरज नाही. त्या दिवशी कडक आणि गरम काही नको, ब्रश थेट दुसऱ्या सकाळी. राळेची अॅलर्जी आहे का विचारा, पुष्कळ व्हार्निशांत कोलोफोनी असते. तोटा हा की त्यातून बनणारे कॅल्शियम फ्लोराइडचे कण बारीक आणि लाळेत विरघळणारे. म्हणून आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा लावावं लागतं आणि काही महिन्यांनी पुन्हा.

पोटॅशियम ऑक्झलेटचे स्फटिक आम्लाला सहज दाद देत नाहीत, पण त्याच जागी पुढे कंपोझिट भरायचं असेल तर चिकटण्यात ते आड येतात. ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड प्रभावी आहे, पण मऊ कीड असेल तिथे काळं करतं, पुढच्या दातांना दहादा विचार करा. आणि मानेवर पाचरीसारखी खाच पडून ती १ मिलिमीटरहून खोल गेली असेल तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवा आणि ग्लास आयोनोमर किंवा कंपोझिटने ती भरा. खाचेत लेप लावत बसणं म्हणजे गळक्या छपराखाली बादल्या बदलत राहणं.

दंतकथा

अपेक्षेपेक्षा फारच जास्त मिळालं. हँडपीसची चौकशी करतो. चौथा प्रश्न अजून लटकलाय, एकत्र वापरण्याचा. आणि तिसराही.

तरंगलांबी

क्रम लेझरच्या जातीवर ठरतो. एनडी-यॅगमध्ये आधी सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश आणि वरून लेझर, असं करून १९९९च्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासात नव्वद टक्क्यांहून जास्त नळ्यांची तोंडं बुजलेली दिसली होती, आणि नंतर ब्रश फिरवला तरी थर टिकून होता. तो निकाल डायोडला तसाच लावू नका. तुमच्या ९८० साठी आधी कोऱ्या, ओलसर दातावर लेझर, नंतर व्हार्निश. व्हार्निश पिवळट आणि दाट असतं, किरण अडवतं आणि विखुरतं. त्यात अल्कोहोलसारखं द्रावकही असतं, त्यावर तापलेलं टोक नेणं शहाणपणाचं नाही. ग्लुटाराल्डिहाइडच्या बाबतीत तर दोन वेगळ्या दिवशी करा. एकाच दिवशी दोन्ही केलंत तर गुण कोणाचा, हे तुम्हालाच कळणार नाही.

खवट_दाढ

गुण कोणाचा, हा विषय निघालाच आहे तर थोडं थंड पाणी ओततो. (वारा नको, शिफ ३ येईल.)

या दुखण्याच्या चाचण्यांमध्ये नुसत्या नकली उपचारानेही २० ते ६० टक्के आराम नोंदवला गेलाय. कारणं उघड आहेत. माणूस सगळ्यात वाईट आठवड्यात येतो, त्यानंतर आकडा तसाही खाली येणार. खुर्चीत बसल्यावर त्याचं ब्रशिंग सुधारतं. आणि लेझरच्या बाबतीत तर लाल ठिपका, बीपचा आवाज, काळा चष्मा, हा सगळा थाटमाट मेंदूला आधीच अर्धा पटवून टाकतो. म्हणून लेझरच्या चाचणीत नकली गटालासुद्धा लाल ठिपका आणि बीप मिळाले का, हे आधी बघा. नसतील मिळाले तर पुढचे तक्ते वाचू नका.

कॉक्रेनने (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने) २०२१मध्ये लेझरची २३ चाचण्यांची पाहणी केली. लेझर विरुद्ध नकली उपचार किंवा काहीच नाही, अशी तुलना होती. निष्कर्ष: वारा आणि स्पर्शाच्या कळेत फरक पडत असावा, पण पुराव्याची खात्री कमी ते अगदी कमी. पेस्टवाल्यांनीही फार हुरळून जाऊ नये. २००६मध्ये कॉक्रेननेच पोटॅशियमच्या पेस्टवर सहा चाचण्या तपासल्या आणि ठाम पुरावा नाही असंच म्हटलं होतं.

लेझर आणि लेप समोरासमोर ठेवणाऱ्या चाचण्यांमध्ये निकाल एकमुखी नाहीत. त्यांतल्या पुष्कळ चाचण्या छोट्या, काही आठवडे ते सहा महिने पाठपुराव्याच्या, आणि प्रत्येकीचा डोस वेगळा. वरचं नऊपट घनतेचं गणित आठवा. मग ‘लेझर’ नावाखाली दहा वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या जातात. माझं मत विचाराल तर लेझर वाईट नाही, पण त्याने पहिली पायरी म्हणून जागा कमावलेली नाही.

तिसऱ्या प्रश्नाला त्यामुळे सरळ उत्तर. सात-आठ दात असतील तर पेस्ट आणि व्हार्निश, आणि आठ आठवडे वाट. एक-दोन दात असतील तर ग्लुटाराल्डिहाइड, आठवड्याने चाचणी, गरज पडल्यास पुन्हा एकदा. दोनदा नीट लावूनही शिफ २ च्या खाली येत नसेल तर निदान पुन्हा तपासा, आणि ते ठीक निघालं तरच लेझर. हिरडी पातळ असून अजून सरकतेच आहे असं दिसलं तर हिरडीच्या तज्ज्ञाकडे पाठवा, मूळ झाकलं गेलं तर बाकी सगळं गौण ठरतं.

वाचनमात्र

दंतवैद्य नाही, पण सगळं वाचलं. पेस्ट आठ आठवडे म्हणता, ती दोन आठवड्यांत सोडून देणारेच जास्त असतील. घरी नक्की काय करायचं ते कुणी सांगेल का?

बोळा_आणि_चिमटा

सोडून देतात हे खरंय, आणि त्यात पेस्टचा दोष नाही.

डब्यावरचा घटक आधी वाचा. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असेल तर ती नस शांत करणारी आहे: पोटॅशियमचे कण नळीतून आत झिरपून तंतूंभोवती साठावे लागतात. म्हणून दिवसातून दोनदा, दोन मिनिटं, आणि फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, पूर्ण अंदाजाला आठ. बंद केली की परिणामही ओसरतो. ८ टक्के आर्जिनिन आणि कॅल्शियम कार्बोनेट, ०.४५४ टक्के स्टॅनस फ्लोराइड किंवा ५ टक्के कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट असेल तर ती नळ्या बुजवणारी आहे. आर्जिनिनची पेस्ट बोटाने त्याच दातावर मिनिटभर चोळली तर लगेचही फरक पडू शकतो. स्टॅनसने काहींच्या दातांवर तपकिरी डाग येतात, ते पॉलिशने निघतात.

ब्रश झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. चूळ भरली की औषध गटारात. रात्री झोपताना वाटाण्याएवढी पेस्ट मानेवर बोटाने लावून तशीच ठेवली तरी चालते.

दात पांढरे करणाऱ्या पेस्ट या काळात बंद. त्यांचा खरखरीतपणा बहुतेक वेळा जास्त असतो. मऊ ब्रश, पेन धरतो तसा चिमटीत धरलेला. मुठीत धरला की आडवा रंधा चालतो.

आणि आम्ल. इनॅमल साधारण ५.५ सामूच्या खाली विरघळायला लागतं, पण उघडं डेंटिन त्याच्याही आधी, ६ ते ६.५ च्या आसपास. शीतपेयं, आंबट फळांचे रस, लिंबूपाणी, छातीत जळजळ होऊन तोंडात येणारं पित्त, या सगळ्यांनी नळ्यांवरचा स्मिअर थर काही मिनिटांत धुऊन निघतो. त्यानंतर लगेच ब्रश केला तर मऊ झालेलं डेंटिन घासून जातं. आधी साध्या पाण्याने चूळ, ब्रश अर्ध्या-एक तासाने. दिवसभर घोटघोट आम्लाचं पेय चालू असेल तर वरच्या मंडळींचा कुठलाही लेझर आणि माझा कुठलाही लेप महिनाभरसुद्धा टिकणार नाही.

वाचनमात्र

धन्यवाद. मग दंतवैद्याने लेझर सुचवला तर काय विचारायचं?

अक्कलदाढ

तीन गोष्टी. कळ डेंटिनचीच आहे हे कसं ठरवलं? कमी शक्तीचा की जास्त शक्तीचा, आणि किती बैठका? आणि आधी-नंतर मोजणार कसं? तिसऱ्याला ‘तुम्हालाच कळेल’ असं उत्तर आलं तर आधी पेस्टचे आठ आठवडे पूर्ण करा. लेझर कुठे पळून जात नाही.

दंतकथा

ठरलं. यंत्र हिरड्यांसाठीच घेतो, शिवशिवणाऱ्या दातांसाठी दोन लेप फसल्यावर. माहितीपत्रकातल्या ‘एका बैठकीत’बद्दल विक्रेत्याकडे त्यांचा डोस आणि टिपेचा व्यास मागितलाय. उत्तर अजून आलेलं नाही.

तरंगलांबी

व्यास लिहून येईल असं वाटत नाही, पण मागत राहा. यंत्र आल्यावर दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा.

चष्मे: ९८० नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही, लाल ठिपका फक्त दिशा दाखवायला असतो. अर्ध्या वॅटच्या वरचा लेझर वर्ग ४ मध्ये येतो, त्यात परावर्तित किरणसुद्धा डोळ्याला धोकादायक. चष्म्यावर तरंगलांबीचा पट्टा आणि ऑप्टिकल डेन्सिटी छापलेली असते, त्या पट्ट्यात ९८० आहे का ते वाचा. ८१० चा चष्मा ९८० ला पुरेलच असं नाही. तीन चष्मे लागतात: तुम्ही, मदतनीस, पेशंट. तोंडात आरसा आणि धातूची कॅप असेल तर किरणाचा कोन बदला. तोंडात संशयास्पद व्रण किंवा चट्टा असेल तर त्याचं निदान होईपर्यंत त्या भागात लेझर नकोच.

नोंदवही: प्रत्येक दातामागे शक्ती, सेकंद, टिपेचा व्यास, अंतर, फेऱ्या, आणि आधीचा, लगेचचा, आठवड्याचा, महिन्याचा आणि तीन महिन्यांचा शिफ. वाऱ्याची चाचणी मदतनीसाला करायला लावा आणि कुठल्या दाताला काय केलंय ते त्याला सांगू नका. वीस-पंचवीस दात झाले की इथे आकडे टाका.